खुर्चीतली पॉवर, तारेतली पॉवर



पॉवर हा शब्द आता मराठीच झालाय. आमच्या सूतगिरणीत लाईट गेली की ‘पॉवर गेली’ म्हणतात. निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याबद्दल टपरीवर हेच म्हणतात, ‘त्याची पॉवर गेली’. चष्म्याच्या काचेत पॉवर असते, ट्रॅक्टरात असते, आणि साहेबाच्या पुतण्याच्या आवाजात तर असतेच असते. इंग्रजीत एवढ्या सगळ्याला शब्द एकच. मराठीत आपण वेगवेगळे शब्द वापरतो. सत्ता, वीज, ताकद, अधिकार, हुकमत, वट. शब्द वेगळे म्हणून वस्तूही वेगळ्या वाटतात. सत्ता म्हटलं की मंत्रालय डोळ्यापुढं येतं, वीज म्हटलं की डीपी. सत्तेवर आपल्या मेळाव्यांत तीन-तीन तास भाषणं होतात. डीपीवर कुणी बोलत नाही.

या लेखात मला दोन्ही एकत्र ठेवून बघायच्यात. कारण आपल्या इतिहासात त्या एकाच रस्त्यानं आल्यात. आणि बाबासाहेबांच्या टेबलावर तर चार वर्षं त्या एकाच खात्याच्या फायलींत होत्या. बाबासाहेब घटनाकार हे शेंबडं पोर सांगतं. बाबासाहेब देशाचं वीजखातं बघत होते, हे आपल्या शिबिरातल्या किती पोरांना माहीत आहे?

सुरुवात गावातनं करू.

इंग्रज सरकारची पॉवर मुंबईहून निघायची. कलेक्टर, मामलेदार, पाटील-कुलकर्णी, अशी पायरीपायरीनं खाली यायची. आणि गावात ती चालायची कुणाच्या पायांवर? महाराच्या. शेतकऱ्याला चावडीवर बोलावून आण. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचव. साहेब आला तर त्याचं सामान पुढल्या गावापर्यंत ने. शिवेचं भांडण लागलं तर शीव कुठली ते दाखव. मयताची खबर घेऊन ऊन-पाऊस न बघता धाव. १८७४ च्या वतन कायद्यानं ही सगळी गुलामी सरकारी कागदावर पक्की झाली. बदल्यात काय, तर बलुतं आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. पिढी वाढली तसे त्या तुकड्याचे तुकडे झाले, काम मात्र तेवढंच राहिलं.

वायरमन लोक सांगतात, तारेतनं करंट जातो म्हणून तार उजळत नाही. उजळतो तो दिवा. वतनदार महार ही सरकारची तार होती. सरकारचा हुकूम त्याच्यातनं पार व्हायचा आणि उजेड पडायचा पाटलाच्या वाड्यात. हातातल्या काठीचा मान मिरवणारी म्हातारी माणसंही आपल्यात होती, हे झाकायचं कारण नाही. काठी हातात असली म्हणजे हुकूम आपला होत नाही, हे त्यांना समजावायला बाबासाहेबांना फार घसा कोरडा करावा लागला. १९ मार्च १९२८ ला त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. ते पार पडलं नाही. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली. म्हणजे घटना लागू होऊन आठ वर्षं झाल्यावर.

आता अधिकार आणि सत्ता यांतला फरक. तो महाडला बघावा. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी कायदेमंडळात ठराव पास करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. त्यानंतर तीन वर्षं त्या तळ्याला आपल्यातल्या एकाचंही बोट लागलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले, तेव्हा ओंजळ भरली. आणि मग लाठ्या-काठ्यांनी डोकी फुटली. खटला चालत चालत हायकोर्टाचा निकाल आला १९३७ साली. अधिकार म्हणजे घराला मारलेली वायरिंग समजा. बटणं, होल्डर, बल्ब सगळं जागच्या जागी. खांबावरनं जोडणीच दिलेली नसेल तर बटण कितीही दाबा.

आता गिरणीकडे येतो. ते माझं क्षेत्र.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावरांनी काढली, ताडदेवला. १८५६ पासून ती चालू झाली. ताकद वाफेची. कोळसा जाळायचा, बॉयलर तापवायचा आणि एका इंजिनावर पट्ट्यांनी सगळी गिरणी फिरवायची. इंजिनाची ताकद मोजायची अश्वशक्तीत. जेम्स वॅट नावाच्या माणसानं घोड्याचं काम मोजून हे माप बसवलं, आणि आज विजेच्या बल्बवर जो वॅट लिहिलेला असतो तो त्याच्याच नावाचा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तब्येतीनं बरा माणूस दिवसभर राबला तर साधारण ७५ वॅटची ताकद लावतो. घोड्याचा दहावा हिस्सा, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. हे वाचलं त्या दिवशी मी रिंग खात्यात उभा राहून माणसं मोजत होतो. आमच्या पाळीचे सगळे मिळून चार घोडे झालो.

विजेचा दिवा आला की अंधार जातो, असं शाळेच्या पुस्तकात असतं. मुंबईच्या गिरणी कामगाराला विजेचा पहिला दिवा कसा दिसला, ते पुस्तकात नसतं. दिवे नव्हते तेव्हा गिरणी सूर्यावर चालायची. उजाडलं की भोंगा, मावळलं की सुटी. उन्हाळ्यात तास जास्त, हिवाळ्यात कमी. १८८१ आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यांनी पोरांचे आणि बायांचे तास बांधले होते. मोठ्या पुरुष माणसाला कसली मर्यादाच नव्हती. मर्यादा होती ती सूर्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कापडाला तेजी आलेली असताना, गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि मालकांनी सूर्यच रद्द केला. तेरा तास, चौदा तास, कुठं त्याच्याही वर. १९०५ साली याच्यावरनं मुंबईत कामगार खवळले. पुढं चौकश्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाला बारा तासांची हद्द आली. उजेड कुणाच्या हातात आहे त्याच्यावर तो उजेड की फास हे ठरतं. मी तिसऱ्या पाळीत काम करतो. मला हे दुसऱ्या कुणी समजावून द्यायची गरज नाही.

मग टाटांची वीज. लोणावळ्याकडच्या डोंगरात पाणी अडवायचं. हे पाणी मूळचं पूर्वेकडं जाणारं, इंद्रायणी-भीमा करत कृष्णेला मिळणारं. ते पश्चिमेला वळवायचं आणि नळांतनं घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त खोल सोडायचं. खोपोलीला त्याच्यावर चाकं फिरवायची. ८ फेब्रुवारी १९१५ ला गव्हर्नर विलिंग्डननं खोपोलीचं पॉवरहाऊस सुरू केलं. वीज तारांवरनं मुंबईला आली आणि पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कापड गिरण्या. पाठोपाठ आंध्रा खोऱ्याचं पाणी भिवपुरीला पाडलं. कारागिरी म्हणून बघितलं तर हे काम जबरदस्त आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. सगळा सह्याद्री एक यंत्र करून टाकला त्यांनी.

तिसरं धरण मुळशीचं. इथं मात्र यंत्राखाली गावं आली. पन्नासाच्या आसपास गावं. सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा टाटांसाठी वापरला. खुर्चीतली पॉवर तारेतल्या पॉवरच्या कामाला कशी येते, याचा आपल्या भागातला हा पहिला मोठा धडा. १६ एप्रिल १९२१ ला मुळशीच्या मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट पुढं झाले, लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते इथंच. १९२४ पर्यंत झुंज चालली, बापट तुरुंगात गेले, आणि १९२७ साली भिऱ्याचं पॉवरहाऊस सुरू झालं. १९२७. त्याच साली चवदार तळं. पाण्याची मालकी कुणाची हा प्रश्न घाटावर आणि घाटाखाली एकाच वेळी पेटला होता. हे दोन लढे एका पानावर मांडलेले मी अजून वाचले नाहीत, म्हणून इथं मांडतो. मुळशीच्या भांडणातही पैशाचा हिशेब ज्याच्या नावावर जमीन त्याच्याशीच होता. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याचं काय बुडालं, ते मोजायला त्या कायद्यात खानाच नव्हता.

तर अशी वीज मुंबईला आली, गिरणीत शिरली, माग फिरू लागले. पण माग आपल्या हातात नव्हते. आपल्या माणसांना गिरणीत कामं होती ती सूतखात्यात, रिंगवर. कापडखात्यात बंदी. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढावं लागायचं. महारानं तोंड लावलेल्या धोट्याला मराठा विणकर तोंड कसा लावणार? विणकराचा पगार सूतखात्यापेक्षा जास्त. वीज खोपोलीची, यंत्र विलायतेचं, आणि त्यांच्यामध्ये गावातला विटाळ जसाच्या तसा बसलेला. पॉवरलूम आला म्हणजे जात आपोआप मरेल असं म्हणणारे तेव्हाही होते. आता कॉम्प्युटरबद्दल तेच म्हणतात.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरण्यांचा सार्वत्रिक संप झाला. दीड लाखाच्या आसपास माणूस बाहेर, सहा महिने. मागण्यांची यादी झाली. कापडखात्याची बंदी उठवा, ही मागणी त्यात नव्हती. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, हा अन्याय तुम्हाला दिसत नाही का? ही मागणी घेणार नसाल तर आमची माणसं संपातनं बाजूला काढीन, असं बजावलं. तेव्हा नाइलाजानं ती आली. दोस्तांनो, हा प्रसंग तोंडपाठ करा. यंत्र चालवायची पॉवर मालकाची असते, थांबवायची पॉवर कामगाराची. पण थांबवणाऱ्यांच्या रांगेतसुद्धा पुढं कोण, मागं कोण हे ठरलेलं असतं. याच बाबासाहेबांनी पुढं ७ नोव्हेंबर १९३८ ला संपाचा हक्क मारणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. म्हणजे वैर संपाशी नव्हतं.

आता मधल्या मुद्द्यावर येतो. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंत होते. मजूर खातं म्हणजे नुसते संप-तंटे नाहीत. त्या खात्यात खाणी होत्या, पाटबंधारे होते, वीज होती. मी त्यांचा इंग्रजी दहावा खंड शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. चार महिने लागले. वाचताना पहिल्यांदा जाणवलं, की हा माणूस रॉटरडॅमसारखी नावं घेत नाही, युनिट आणि दर यांच्या भाषेत बोलतो.

२५ ऑक्टोबर १९४३ ला दिल्लीत युद्धानंतरच्या वीज विकासावर समिती भरली. अध्यक्ष बाबासाहेब. त्यांनी तिथं सरळ प्रश्न टाकले. वीज सरकारच्या मालकीची हवी की खासगी कंपन्यांच्या? केंद्रानं बघायची की प्रांतांनी? आणि त्याच्याही मागचा प्रश्न, की वीज हवी कशाला? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नुसती स्वस्त वीज पुरत नाही, स्वस्तात स्वस्त आणि मुबलक हवी. तिच्याशिवाय कारखानदारी वाढत नाही, आणि कारखानदारी वाढल्याशिवाय जमिनीवरचा भार कमी होऊन माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातनं सुटत नाही. आपल्या माणसाला जमीन नाही. गावात त्याला वतनाशिवाय काम नाही. ‘खेडं सोडा’ आणि ‘वीज वाढवा’ ही एकाच डोक्यातनं निघालेली दोन वाक्यं आहेत, हे मला त्या भाषणावरनं कळलं. पुढं १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ झालं, १९४५ साली जलमार्ग आणि पाटबंधाऱ्याचा केंद्रीय आयोग. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच्यातनंच आलेला.

खुर्ची मिळाली म्हणजे सगळं हातात आलं असं मात्र नसतं. याचा एक दाखला आपण टाळतो, मी टाळणार नाही. वीज कोळशावर, रेल्वे कोळशावर, युद्ध कोळशावर. मजूर खाणी सोडून लष्करी बांधकामांवर जाऊ लागले आणि कोळसा कमी पडू लागला. १९३७ पासून बायांना खाणीत जमिनीखाली उतरवायला बंदी होती. १९४३ मध्ये सरकारनं ती उठवली. खातं बाबासाहेबांचं. फेब्रुवारी १९४४ मध्ये असेंब्लीत त्यांच्यावर टीका झाली आणि त्यांना त्या निर्णयाची बाजू मांडावी लागली. त्यांनी तिथं सांगितलं, की ही वेळ अडचणीची आहे, आणि खाणीत बाईला त्याच कामाचा पुरुषाएवढाच दाम मिळेल असं आम्ही बांधून दिलंय. बंदी परत लागू झाली १ फेब्रुवारी १९४६ ला. त्यांच्यामागे इंग्रजांचं युद्ध उभं होतं, हे खरं. अडीच वर्षं बाया काळोखात उतरल्या, हेही खरं. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादकडच्या खाणीत उतरले, मजुरांची घरं बघितली, आणि महिन्या-दोन महिन्यांत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ साली फॅक्टरी कायदा बदलून आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, तेही त्यांच्याच खात्यातनं. आज मी आठ तासांनी सुटतो. खुर्चीतली पॉवर वापरायची कशी आणि ती कुठं अडते, या दोन्ही गोष्टी या चार वर्षांत आहेत. जयंतीच्या भाषणात पहिलीच सांगतात.

१९४३ च्या पावसाळ्यात बंगालात दामोदर नदीला पूर आला. रेल्वे तुटली, कलकत्त्याचा रस्ता तुटला. जानेवारी १९४५ ला कलकत्त्याच्या बैठकीत बाबासाहेबांनी सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार मांडला. पूर अडवणं, शेतीला पाणी, वीज, सगळं एका योजनेत. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं. तोवर ते त्या खात्यात नव्हते, कायदेमंत्री होते.

त्या दामोदरवर पंचेत धरण झालं. ६ डिसेंबर १९५९ ला नेहरू उद्घाटनाला आले. धरणावर काम करणारी बुधनी मेझान नावाची पंधरा-सोळा वर्षांची संथाळ पोरगी. तिनं नेहरूंच्या गळ्यात हार घातला आणि नेहरूंनी तिच्याच हातानं बटण दाबवलं. पॉवरहाऊस सुरू. फोटो देशभर. त्या रात्री गावच्या पंचांनी ठरवलं, की हार घातला म्हणजे लग्न झालं, आणि तेही जमातीबाहेर. तिला वाळीत टाकलं. १९६२ मध्ये कॉर्पोरेशनमधली नोकरीही गेली. ती परत मिळायला १९८० चं दशक उजाडलं. बुधनी नोव्हेंबर २०२३ मध्ये वारली. महापरिनिर्वाणाला बरोबर तीन वर्षं झाली होती त्या दिवशी तिनं ते बटण दाबलं होतं. हजारो घरांत उजेड करणारं बटण जिच्या बोटाखाली, तिच्या गावात मात्र तिला घर नव्हतं.

इकडे घटनेच्या सातव्या परिशिष्टात वीज समवर्ती सूचीत बसली, ३८ वी नोंद. केंद्राचीही आणि राज्याचीही. राज्याराज्यांत वीज मंडळं झाली, आपल्याकडचं १९६० साली, आणि २००५ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. या मंडळांनी खेड्यापाड्यांत खांब नेले, हे मोठं काम. पण खांब गावात गेला म्हणजे कुठपर्यंत गेला? इथं सरकारचा एक कागद आहे. सत्तेवर बोलणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा.

‘विद्युतीकरण झालेलं गाव’ म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या होती. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी, की गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कसल्याही कामाला वीज वापरली की गाव उजळलं. म्हणजे पाटलाच्या मळ्यात एक मोटार चालू झाली तरी दिल्लीच्या वहीत त्या गावापुढं टिकमार्क. ऑक्टोबर १९९७ मध्ये सुधारणा झाली, की वीज वस्तीच्या भागात पोचायला हवी. भागात, घरात नाही. मग फेब्रुवारी २००४ ची व्याख्या आली. वस्तीत तसंच दलित वस्ती असेल तिथं डीपी आणि लाईन हवी. शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी. आणि गावातल्या निदान दहा टक्के घरांत वीज हवी.

सावकाश वाचा. २००४ साली सरकारला ‘तसंच दलित वस्ती’ हे शब्द मुद्दाम घालावे लागले. म्हणजे तोपर्यंत ती वस्ती अंधारात ठेवूनही गाव उजळलेलं मोजता येत होतं. गावात विहीर आहे असं गावाबाहेरच्यांना सांगायचं, आणि विहिरीवर आपल्याला येऊ द्यायचं नाही. तीच वहिवाट, फक्त रहाटाच्या जागी तार. आणि दहा टक्के घरं! शंभरातली नव्वद घरं काळोखात ठेवूनही गाव पास. आपली घरं त्या दहांत किती आणि नव्वदांत किती, हे ज्यानं त्यानं आपापल्या आज्याला विचारावं. आकडा टाकला म्हणून आपल्या पोरांना चोर म्हणतात. तो आकडा कुठल्या खांबावर टाकावा लागला आणि तो खांब आपल्या आळीपासून किती लांब होता, हे पंचनाम्यात लिहीत नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवरनं पडलेली नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, भीमनगर अशी नावं आली. चांगलं झालं. पाटी हलली, डीपी जिथला तिथंच.

आता मेळाव्यात ‘शासनकर्ती जमात’ म्हणताना माझी एवढीच मागणी आहे, की त्या दिवशी आधी गावातनं एक चक्कर मारा. डीपी कुठल्या टोकाला आहे? लाईन कुणाच्या दारावरनं येते? फ्यूज उडाला तर वायरमन आधी कुठल्या आळीत जातो? मीटर कुणाच्या नावावर आहे? घर ज्या जागेवर आहे तिचा उतारा कुणाच्या नावावर आहे? वहीत लिहा. असा कागद घेऊन कार्यालयात गेलं की साहेब खुर्ची पुढं सरकवतो, हे मी बघितलंय. नुसती घोषणा घेऊन गेलं की शिपायाशी भांडून परत यावं लागतं.

१४ एप्रिल २०२१ ला राज्यात बाबासाहेबांच्या नावानं जीवन प्रकाश योजना निघाली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना प्राधान्यानं वीजजोडणी. पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत भरायची सोय. म्हणजे खोपोलीला चाक फिरून एकशे सहा वर्षं झाल्यावर काही घरांना महिना शंभर रुपयांनी वीज जोडायची वेळ आली. त्या जागेवर आधीची थकबाकी नको, अशी अट. अर्जाबरोबर जातीचा दाखला जोडायचा.